अर्ल कॅमेरॉन : एकाच बाजूने उघडणाऱ्या दारापाशी

३ जुलै २०२० रोजी इंग्लंडमधल्या केनिलवर्थ या गावी एक काळा नट वारला. नाव अर्ल कॅमेरॉन, वय वर्षे १०२. जग तेव्हा कोरोनाच्या दहशतीखाली होते, आपल्याकडे टाळेबंदीची चर्चा चालू होती. या मृत्यूची बातमी आपल्यापर्यंत पोहोचण्याचे काही कारण नव्हते. नाव ठाऊक नसले तरी चेहरा मात्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेला आहे. जेम्स बाँडच्या १९६५ सालच्या ‘थंडरबॉल’मध्ये बहामा बेटांवर बाँडला मदत करणारा पिंडर आठवतो? तो कॅमेरॉन. २०१० च्या ‘इन्सेप्शन’मध्ये मोम्बासाच्या तळघरात स्वप्नांत बुडालेल्या माणसांजवळ असणारा टकला म्हातारा आठवतो? तोही कॅमेरॉनच. या दोन चित्रपटांत ४५ वर्षांचे अंतर आहे, आणि दोन्हींत त्यांच्या वाट्याला आलेले काम काही मिनिटांचेच.

साठ वर्षांहून अधिक काळ एक माणूस एका धंद्यात टिकतो, त्याचे काम चोख असते, समीक्षक त्याचे नाव आदराने घेतात, आणि तरीही तो कायम दाराशी उभ्या असलेल्या पाहुण्यासारखाच का राहतो? या प्रश्नाचे उत्तर सिनेमाच्या पुरवणीत सापडत नाही. मी पेशाने वकील असल्यामुळे असेल, मला ते ब्रिटिश कायद्याच्या एका पोटकलमात सापडले. त्या पोटकलमाकडे येऊच. आधी माणूस समजून घेऊ.

बर्म्युडा हे अटलांटिक महासागरातले इंग्रजांच्या ताब्यातले बेट. तिथे पेम्ब्रोक येथे ८ ऑगस्ट १९१७ रोजी कॅमेरॉन यांचा जन्म झाला. सहा भावंडांतले हे शेंडेफळ. वडील दगडकाम करणारे गवंडी. अर्ल पाच वर्षांचा असताना ते गेले आणि आईने मिळेल ते काम करून पोरे वाढवली. बेटावरची बहुसंख्य प्रजा गुलामांची नातवंडे-पतवंडे. जमीन, व्यापार आणि सत्ता मूठभर गोऱ्या घराण्यांच्या मुठीत. सिनेमागृहात काळ्यांची बसण्याची जागा वेगळी. ही वेगळी बैठक मोडली १९५९ साली, आणि तीही राज्यकर्त्यांना उपरती झाली म्हणून नव्हे. काळ्या जनतेने सिनेमागृहांवर बहिष्कार टाकला, गल्ला रिकामा पडला, तेव्हा मालकांचे डोळे उघडले आणि हॉटेलांनीही भेद सोडला. आपल्याकडे बहिष्कार हे गावाचे हत्यार, ते गावकुसाबाहेरच्यांवर चालवायचे. बर्म्युडात गावकुसाबाहेरच्यांनीच ते उलटे फिरवले, ही नोंद आपण करून ठेवावी अशी आहे.

तरुण अर्लने नटबिट होण्याचे स्वप्न वगैरे काही पाहिले नव्हते. त्याला जग पाहायचे होते. म्हणून तो व्यापारी जहाजावर खलाशी झाला. न्यूयॉर्क आणि दक्षिण अमेरिका अशा फेऱ्या सुरू झाल्या. दुसरे महायुद्ध पेटले आणि २९ ऑक्टोबर १९३९ रोजी जहाजाने त्याला लंडनला आणून सोडले. पुढची हकिकत ते स्वतः हसत सांगत : लंडनमध्ये एका तरुणीच्या नादात गुंतलो, तेवढ्यात जहाज मला टाकून निघून गेले आणि नंतर ती तरुणीही निघून गेली!

हसण्यावारी नेलेली ही गोष्ट प्रत्यक्षात फार कठीण होती. कॅरिबियन बेटांवरून कामगारांना घेऊन आलेले ‘विंडरश’ हे प्रसिद्ध जहाज लंडनला लागायला तेव्हा अजून नऊ वर्षे बाकी होती. शहरात काळी माणसे थोडी, आणि त्यांना काम देणारे त्याहून थोडे. युद्धासाठी माणसे कमी पडत होती, कारखाने रात्रंदिवस चालू होते, पण काळा उमेदवार दारात दिसला की जागा ‘भरलेली’ असायची. हा ‘भरलेल्या जागे’चा अनुभव आपल्या वाचकांना नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. कॅमेरॉन यांच्या वाट्याला आले ते स्ट्रँड कॉर्नर हाऊस या मोठ्या उपाहारगृहातले भांडी घासण्याचे काम.

भांडी घासता घासता कंटाळलेला हा तरुण एका मित्राच्या पासवर ‘चू चिन चाऊ’ हे नाटक पाहायला गेला. अलीबाबा आणि चाळीस चोरांच्या गोष्टीवरचे संगीत नाटक. त्यात गर्दी भरण्यासाठी काही काळे नट होते आणि हा मित्र त्यांपैकी एक. ‘मलाही लावून दे की!’ कॅमेरॉन म्हणाले. जागा नव्हती. दोन-तीन आठवड्यांनी एक नट आलाच नाही, आणि भांडी घासणारा माणूस रंगमंचावर उभा राहिला. कोणाची तरी गैरहजेरी हीच त्यांची पहिली संधी. पुढच्याच वर्षी, १९४२ मध्ये, दुसऱ्या एका नाटकात बोलण्याची भूमिका मिळाली. भूमिका कोणाची? मोटार हाकणाऱ्या नोकराची.

इथे त्यांच्या आयुष्यात एक बाई आल्या, ज्यांच्याबद्दल थोडे सविस्तर लिहिलेच पाहिजे. आवाज कमवायचा, उच्चार सुधारायचे म्हणून कॅमेरॉन ज्यांच्याकडे शिकायला गेले त्या अमांडा आल्ड्रिज. वय सत्तरीच्या पुढे. पॉल रोबसन आणि मॅरियन अँडरसन यांच्यासारख्या थोर काळ्या कलावंतांनीही त्यांच्याकडे धडे घेतले होते. आणि अमांडाबाई कन्या कोणाच्या? आयरा आल्ड्रिज यांच्या. १८०७ साली न्यूयॉर्कला जन्मलेला हा काळा नट अमेरिकेत वाव नाही म्हणून इंग्लंडला आला आणि १८३३ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात त्याने शेक्सपियरचा ऑथेल्लो उभा केला. ऑथेल्लो हा नाटकात काळाच आहे. पण ती भूमिका खरोखरचा काळा माणूस करतो, हे लंडनच्या काही वृत्तपत्रांना सोसले नाही. इतके गरळ ओकले गेले की दोन प्रयोगांनंतर खेळ थांबला. ज्या वर्षी ब्रिटिश संसदेने वसाहतींतील गुलामगिरी संपवण्याचा कायदा केला त्याच वर्षीची ही गोष्ट! आल्ड्रिज मग इंग्लंडच्या लहान गावांत आणि युरोपभर फिरत राहिले, तिथल्या लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले, आणि १८६७ साली पोलंडमधल्या वुच शहरात दौऱ्यावर असतानाच त्यांना मरण आले. अमांडा तेव्हा जेमतेम दीड वर्षाची होती. अशा बापाच्या लेकीने ज्याचा आवाज घडवला, त्या शिष्याला आपण कोणत्या वाटेवर पाऊल ठेवतो आहोत याची कल्पना असणारच.

त्या काळच्या लंडनचे वर्णन करायला मी एक खटला सांगतो. १९४३ साली वेस्ट इंडीजचे विख्यात क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाईन हे लॉर्ड्सवरच्या सामन्यासाठी लंडनला आले. इम्पिरियल हॉटेलात खोल्या आधी ठरवलेल्या होत्या. पोहोचल्यावर मात्र काळ्यांना ठेवणार नाही असे त्यांना सुनावण्यात आले. अमेरिकन गोरे पाहुणे नाराज होतील ही सबब. कॉन्स्टंटाईन गप्प बसले नाहीत, कोर्टात गेले. वर्णभेदाविरुद्ध तेव्हा ब्रिटनमध्ये कायदाच नव्हता. म्हणून त्यांच्या वकिलांनी खानावळवाल्याने आलेल्या वाटसरूला विनाकारण परत पाठवू नये, या शेकडो वर्षे जुन्या सर्वसाधारण कायद्याचा आधार घेतला. १९४४ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. नुकसानभरपाई किती? पाच गिनी. अपमानाची किंमत नाममात्र ठरली, पण निकाल लागला हे महत्त्वाचे. जाता जाता हेही सांगतो की दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीच्या जागा सर्वांना खुल्या करणारे अनुच्छेद १५(२) आपल्या संविधानात २६ जानेवारी १९५० पासून आहे. ब्रिटनला असा पहिला कायदा करायला १९६५ साल उजाडले. अंमलबजावणीची रडकथा दोन्हीकडे आहे, पण कागदावर कोण पुढे होते ते इंग्रजाळलेल्या मंडळींनी लक्षात ठेवावे.

आता १९५१ साल. बेसिल डिअर्डन दिग्दर्शित ‘पूल ऑफ लंडन’ प्रदर्शित झाला. आठवड्याच्या शेवटी एक मालवाहू जहाज थेम्स नदीच्या धक्क्याला लागते. त्यावरचा जमैकाचा खलाशी जॉनी लॅम्बर्ट म्हणजे कॅमेरॉन. जहाज सोडून लंडनमध्ये अडकलेल्या खलाशाने पडद्यावर खलाशी रंगवला! जॉनीचा गोरा मित्र किरकोळ चोरट्या मालाची ने-आण करतो आणि नकळत जॉनीला हिऱ्यांच्या चोरीत गुंतवतो. त्या दोन दिवसांत जॉनीची पॅट नावाच्या गोऱ्या मुलीशी ओळख होते. ती नाट्यगृहात तिकिटे विकते. दोघे लंडन पाहत हिंडतात, बोलतात. बस्स, इतकेच. ब्रिटिश चित्रपटात काळा पुरुष आणि गोरी स्त्री यांच्यातली ओढ अशी माणुसकीने प्रथमच दाखवली गेली असे अभ्यासक सांगतात. पण ती ओढ कुठवर? चुंबन तर सोडाच, मनातली गोष्ट दोघे उघडपणे बोलूनही दाखवत नाहीत. मुलगी तिच्या वाटेने जाते आणि जॉनी जहाजावर परततो. जहाज आहे म्हणून बरे. काळा माणूस पुन्हा समुद्रावर गेला की प्रेक्षकांना घरी सुखाने झोप लागते.

तरीही हा चित्रपट पाहावा. कॅमेरॉन यांचा जॉनी गयावया करत नाही, दात विचकत नाही, गोऱ्या नायकाची सावली बनून वावरत नाही. दारावर कोणी उगाच हाकलले तर तो क्षणभर थांबतो, आणि त्या थांबण्यात सगळे येते. ते बघताना आपल्या कितीतरी वडीलधाऱ्यांचे चेहरे माझ्या डोळ्यांपुढे आले. अंगावर ओरडणाऱ्या साहेबासमोर मान न झुकवता गप्प उभे राहणारे चेहरे.

इतके नाव झाल्यावर कामाची रीघ लागायला हवी होती. ती लागली नाही. वयाची शंभरी गाठल्यावर दिलेल्या मुलाखतीत त्यांनी याचे कारण अगदी साध्या शब्दांत सांगितले : पात्र काळे आहे असे संहितेत लिहिलेले असेल तरच काळ्या नटाला बोलावत. गोऱ्यासाठी लिहिलेली भूमिका काळ्याला देऊन पाहावी, असे कोणाच्या मनातही येत नसे. त्यामुळे छोट्या छोट्या कामांवरच भागवावे लागले. वाक्य शांत आहे, पण त्याचा अर्थ लावा. डॉक्टर, वकील, शेजारी, दुकानदार, पोस्टमन, बाप, नवरा, या साऱ्या भूमिका आपोआप गोऱ्यांच्या. माणूस म्हटला की तो गोराच धरायचा. काळा नट हवा तो फक्त ‘काळेपणा’ हा कथेचा प्रश्न असेल तेव्हा.

आणि काळेपणा हा प्रश्न तरी कसा मांडला जाई? १९५५ चा ‘सिम्बा’ घ्या. केनियात इंग्रजांविरुद्ध माऊ माऊ लढा चालू होता. चित्रपटात कॅमेरॉन झाले आहेत पीटर करंजा, शिकलेला, सज्जन आफ्रिकन डॉक्टर, आपले लोक आणि गोरे मळेवाले यांच्या कात्रीत सापडलेला. पुढच्याच वर्षी ‘सफारी’मध्ये तेच कॅमेरॉन माऊ माऊंचा क्रूर म्होरक्या. म्हणजे गोऱ्यांशी निष्ठावंत राहिलास तर डॉक्टर, लढलास तर राक्षस! तिसरा पर्याय, म्हणजे हक्कासाठी लढणारा शहाणा माणूस, लेखकाला सुचतच नव्हता. केनिया १९६३ साली स्वतंत्र झाला, तोवर असे चित्रपट तिकीटबारीवर चालत राहिले. कॅमेरॉन यांनी ही कामे करायला नको होती असे म्हणणारे तेव्हाही असतील. मला तसे म्हणवत नाही, पण ‘सफारी’चे समर्थनही मी करणार नाही. घर चालवणाऱ्या माणसाने एखादे काम नाकारले की ते दुसरा घेतो आणि चित्र तसेच राहते, हा युक्तिवाद आम्ही कामगार न्यायालयात रोज ऐकतो. त्यात तथ्य असते, आणि तो पुरेसाही नसतो.

त्यांचे खरे मोल कळते ते दोन चित्रपटांत. पहिला ‘सफायर’, साल १९५९, दिग्दर्शक पुन्हा डिअर्डन. आदल्याच वर्षी लंडनच्या नॉटिंग हिल भागात गोऱ्या टोळक्यांनी काळ्या वस्तीवर हल्ले केले होते. त्या आगीची धग चित्रपटाला आहे. हॅम्पस्टेडच्या माळावर सफायर नावाच्या विद्यार्थिनीचे प्रेत सापडते. गोरी, देखणी, एका गोऱ्या मुलाशी लग्न ठरलेली. पोलीस तिच्या भावाला बोलावतात. दार उघडते आणि आत येतात डॉ. रॉबिन्स, म्हणजे कॅमेरॉन. सख्खा भाऊ काळा! आईबापांपैकी एक गोरे, एक काळे. भाऊ एकावर गेला, बहीण दुसऱ्यावर. बहिणीने आपला रंग लपवून गोऱ्यांच्या जगात प्रवेश केला होता. आडनाव बदलून, गाव लपवून, भाड्याच्या खोलीत भिंतीवरची तसबीर झाकून जगणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना सफायरची धडधड वेगळी सांगायला नको. खून कोणी केला ते सांगून रहस्य फोडत नाही, पण तो कोणा सराईत गुंडाने केलेला नसून ‘सभ्य’ घरातल्या तिरस्काराने केलेला आहे एवढे सांगायला हरकत नाही. त्या वर्षीचा सर्वोत्तम ब्रिटिश चित्रपट म्हणून ‘सफायर’ला बाफ्टा पुरस्कार मिळाला. आणि सफायरची भूमिका कोणी केली? इव्हॉन बकिंगहॅम या गोऱ्या नटीने. वर्णभेदावरच्या चित्रपटातही ही तजवीज!

दुसरा ‘फ्लेम इन द स्ट्रीट्स’, १९६१. हा तर आपल्या चळवळीतल्या प्रत्येक पुरोगामी मित्राने पाहावा. कॅमेरॉन आहेत गेब्रियल गोमेझ, कारखान्यातला कुशल कामगार. त्याला मुकादम करायचे की नाही यावर गोरे कामगार बिथरले आहेत. युनियनचा गोरा पुढारी (जॉन मिल्स) भर सभेत गोमेझच्या बाजूने बोलतो, समतेची बाजू घेतो, सभा जिंकतो. आणि घरी येतो तो मुलगी सांगते, मला माझ्याबरोबरच्या काळ्या शिक्षकाशी लग्न करायचे आहे. पुढाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकते, बायको तर आगीचा लोळ होते. व्यासपीठावर समता, उंबरठ्याच्या आत वर्ण! रोटीव्यवहार झाला तरी बेटीव्यवहार होत नाही तोवर भिंत उभीच राहते, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. गंमत अशी की चित्रपटाचा सगळा भार जॉन मिल्स यांच्या दुविधेवर आहे. मुकादमकी गोमेझची, डोक्यावर संकट गोमेझचे, घरी गर्भार गोरी बायको गोमेझची. पण प्रश्न मात्र गोऱ्या पुढाऱ्याच्या मनाचा. त्या चिंचोळ्या जागेत कॅमेरॉन यांनी एक थकलेला, सावध, पण न वाकणारा कामगार उभा केला आहे. १९६४ च्या ‘गन्स ॲट बटासी’त ते रिचर्ड ॲटनबरोंबरोबर होते. याच ॲटनबरोंनी पुढे १९८२ मध्ये ‘गांधी’ काढला, ज्यात बाबासाहेब औषधालाही सापडत नाहीत. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

दूरचित्रवाणीने त्यांना चित्रपटापेक्षा थोडा अधिक न्याय दिला. कॅरिबियन स्थलांतरितांवरच्या ‘अ मॅन फ्रॉम द सन’ या बीबीसीच्या १९५६ सालच्या नाटकात ते वस्तीतले जाणते कार्यकर्ते होते. १९६० च्या ‘द डार्क मॅन’मध्ये टॅक्सीचालक, १९६४ च्या ‘फिअर ऑफ स्ट्रेंजर्स’मध्ये वर्णद्वेष्ट्या पोलीस अधिकाऱ्याच्या तावडीत सापडलेला वादक. आणि १९६६ च्या ऑक्टोबरात ‘डॉक्टर हू’ या मुलाबाळांच्या लाडक्या मालिकेत ते झाले अंतराळवीर! यानात बसलेला, शांतपणे आकडे सांगणारा, वर्णाचा उल्लेखही नसलेला अंतराळवीर. प्रत्यक्षात आफ्रिकी वंशाचा पहिला माणूस, क्यूबाचे तामायो मेंडेझ, अवकाशात गेला तो १९८० साली. टीव्हीवरचा कॅमेरॉन चौदा वर्षे आधी जाऊन आला होता.

आता त्या पोटकलमाकडे येऊ. १९६५ चा ब्रिटिश वंशसंबंध कायदा सार्वजनिक जागांपुरता होता; नोकरी आणि घर त्यात नव्हते. ‘काळ्यांनी चौकशी करू नये’ अशा पाट्या लावणारा घरमालक कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिला. १९६८ च्या कायद्याने नोकरी आणि घर आत घेतले. १९७६ चा कायदा अधिक सशक्त. त्याने अप्रत्यक्ष भेदभावही ओळखला. पण याच १९७६ च्या कायद्याच्या कलम ५(२)(अ) मध्ये एक अपवाद होता. नाट्यप्रयोगात किंवा करमणुकीच्या कार्यक्रमात ‘अस्सलपणा’साठी एखाद्या विशिष्ट वंशाचा माणूस हवा असेल, तर वंश पाहून निवड करणे हा भेदभाव नव्हे! २०१० च्या समता कायद्यात शब्द बदलले, पण कामाची गरज म्हणून वंशाची अट घालण्याची मुभा वेगळ्या रूपात टिकली.

वाचायला हे कलम निरुपद्रवी आहे, वाजवीही आहे. नेल्सन मंडेलांची भूमिका काळ्या नटालाच द्यावी यात काय चुकले? चूक कलमाच्या अक्षरात नाही, ‘अस्सलपणा’ कोणाला लागू होतो त्यात आहे. हे दार एकाच बाजूने उघडत होते. गोरा नट काहीही होऊ शकत होता. लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी १९६४ मध्ये अंगाला काळा रंग फासून ऑथेल्लो केला आणि १९६५ मध्ये त्याचा चित्रपटही निघाला. तेव्हा ऑथेल्लो शोभेल असा काळा नट लंडनमध्ये नव्हता काय? आयरा आल्ड्रिज यांच्या मुलीचा शिष्य तिथेच राहत होता, वय ४७! १९८१ मध्ये बीबीसीने ऑथेल्लो केला तो अँथनी हॉपकिन्स यांना घेऊन. लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये पहिला काळा ऑथेल्लो उभा राहिला तो १९९७ साली, डेव्हिड हेअरवूड यांच्या रूपाने. बीबीसीचा ‘ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो’ तर तोंडाला काळे फासून नाचणाऱ्या गोऱ्या गवयांचाच कार्यक्रम. आपल्याकडे तोंडाला काळे फासणे ही शिक्षा. तिथे ती शनिवारची करमणूक. १९६७ मध्ये वर्णभेदविरोधी संघटनेने विनंतीअर्ज दिला तरी १९५८ ते १९७८ अशी वीस वर्षे हा तमाशा चालला.

आपल्या नाशिकजवळची देवळालीही यातून सुटली नाही. देवळालीच्या ब्रिटिश छावणीत घडणारी ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ ही विनोदी मालिका बीबीसीने १९७४ पासून दाखवली. त्यातला हिंदी नोकर रंगी राम केला मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने, चेहऱ्याला तपकिरी रंग लावून. ते झाशीला जन्मले होते, हिंदुस्थानी बोलत, ही त्यांची पात्रता. म्हणजे भारतात जन्मलेला गोरा भारतीय होऊ शकतो, पण ब्रिटनमध्ये चाळीस वर्षे राहिलेला काळा माणूस साधा ब्रिटिश शेजारी होऊ शकत नाही! न्यायालयात याला आम्ही सोयीचा पुरावा म्हणतो. हवा तिथे वाचायचा, नको तिथे घडी घालून ठेवायचा.

कॅमेरॉन यांनी या सगळ्याबद्दल आदळआपट केली नाही. १९६३ साली त्यांनी बहाई धर्म स्वीकारला. सर्व मानवजात एक आहे ही त्या धर्माची मुख्य शिकवण. दिल्लीतले कमळाच्या आकाराचे मंदिर याच पंथाचे. आयुष्यभर ज्याला रंगावरून मोजले त्याला ही शिकवण का भावली असेल, हे धर्मांतराचा अर्थ जाणणाऱ्या आपल्या वाचकांना विस्ताराने सांगत बसत नाही. १९७३ मध्ये सिडनी पॉइटिए यांच्या ‘अ वॉर्म डिसेंबर’मध्ये ते आफ्रिकी देशाचे राजदूत झाले. पॉइटिए बहामाच्या मातीतले, हे बर्म्युडाचे. अमेरिकेने एकाला नायक केले, ब्रिटनने दुसऱ्याला राजदूताच्या दोन-चार प्रसंगांवर ठेवले. १९७९ मध्ये कॅमेरॉन चक्क सगळे सोडून कुटुंबासह प्रशांत महासागरातल्या सॉलोमन बेटांवर गेले. धर्माचे काम करावे आणि पोटासाठी आइस्क्रीमचे दुकान चालवावे, असा पंधराएक वर्षांचा हिशेब. बाँडबरोबर काम केलेला माणूस पोरांना आइस्क्रीम विकतो आहे, आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

पत्नीच्या निधनानंतर १९९० च्या दशकात ते परतले, आणि सत्तरी उलटून गेल्यावर पुन्हा काम सुरू केले. २००५ च्या ‘द इंटरप्रीटर’मध्ये ते झाले झुवानी, काल्पनिक आफ्रिकी देशाचा हुकूमशहा, एके काळचा मुक्तिदाता. या चित्रपटाचे चित्रीकरण संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात झाले. ८७ वर्षांच्या कॅमेरॉन यांना इतके मोठे पात्र किती वर्षांनी मिळाले असेल! आणि २००६ च्या ‘द क्वीन’ची सुरुवात तर अशी आहे की महाराणी चित्रासाठी बसली आहे, १९९७ च्या निवडणुकीचा दिवस आहे आणि समोर कुंचला घेऊन उभा आहे वृद्ध काळा चित्रकार. दोघांत मतदानाच्या गप्पा. राणीला मत देता येत नाही, चित्रकाराला येते. चित्रकार काळाच हवा अशी त्या प्रसंगाची काहीही गरज नव्हती. वर्णाचा प्रश्न नसलेली एक साधी माणसाची भूमिका त्यांना मिळाली तेव्हा ते नव्वदीला टेकले होते.

मानसन्मान उशिरा आले आणि एकदम आले. २००९ मध्ये ब्रिटिश सरकारचा सीबीई किताब, २०१३ मध्ये वॉरिक विद्यापीठाची सन्माननीय डॉक्टरेट. २०१२ मध्ये बर्म्युडाची राजधानी हॅमिल्टन येथील नगरभवनाच्या नाट्यगृहाला त्यांचे नाव देण्यात आले. तिथे आता कोणीही कोणत्याही खुर्चीवर बसते.

त्यांच्या मृत्यूच्या जेमतेम महिनाभर आधी, जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर ब्रिटनच्या रस्त्यांवर हजारो तरुण उतरले होते. ७ जून २०२० रोजी ब्रिस्टलमध्ये गुलामांचा व्यापारी कोल्स्टन याचा पुतळा त्यांनी पाडून बंदरात ढकलला. त्याच आठवड्यात बीबीसीने ‘लिटल ब्रिटन’ ही आपली एके काळची गाजलेली मालिका इंटरनेटवरच्या संग्रहातून काढून घेतली. कारण त्यात गोऱ्या नटांनी तोंडाला रंग फासून काळी पात्रे केली होती. मालिका २००३ सालची होती.